मालकाचं म्हणणं

शनिवार, १५ नोव्हेंबर २००८. एसीच्या जाळ्या धुवायच्या होत्या. दुबईतल्या अल क्वोजच्या वखारींना लागून आमची बिल्डिंग, त्यामुळे पंधरा दिवसांत जाळीवर बोटभर धूळ बसायची. बाथरूममध्ये टबात जाळ्या बुडवून मी ब्रश मारत होते, तेवढ्यात शेजारच्या खोलीतली भाभी दारात येऊन उभी राहिली. हातात घर खाली करायची नोटीस.

“वहिनी, हात मोकळे झाले की माझा एक अर्ज लिहून द्या. तुमच्याच कंपनीला द्यायचाय. मला इंग्लिश येत नाही, अरबीचे ‘यल्ला’ आणि ‘खलास’ दोनच शब्द, त्यात काय अर्ज होत नाही.”

नोटीस मी आधीच वाचली होती. ती काढायला मीच सांगितलं होतं.

दोन बेडरूमचा तो फ्लॅट आम्ही दोन कुटुंबं मिळून वापरत होतो. रत्नागिरीकडचं हे कुटुंब आमच्या आधीचं, म्हणून मोठी खोली त्यांची. करारही भाभीच्या नवऱ्याच्या, भाईंच्याच नावावर होता. चार वर्षांपूर्वी त्यांना फुजैराच्या बंदरावर नोकरी लागली. करार चालू ठेवायला दुबईतल्या कंपनीचं पगारपत्र लागायचं, ते त्यांच्याकडे राहिलं नाही. तेव्हा त्यांनी करार माझ्या नवऱ्याच्या नावावर करून दिला. चहा पिता पिता. “कागद काय, नावाला,” म्हणाले. ते आठवडाभर फुजैराला आणि भाभी नि मुलगी इथेच, मोठ्या खोलीत. त्यांचा भाड्याचा अर्धा वाटा दर महिन्याला हातात यायचा. पावती कुणी मागितली नाही आणि आम्ही दिली नाही. सगळ्या गल्फात आपली माणसं अशीच राहतात.

बिल्डिंग एका निमसरकारी कंपनीची होती आणि मी त्याच कंपनीच्या तक्रार काउंटरवर कामाला होते. त्या उन्हाळ्यात कंपनीने राहत्या भाडेकरूंना घरं विकायला काढली, नव्याण्णव वर्षांच्या करारावर. भाडेकरू म्हणजे ज्याचं करारावर नाव आहे तो. आम्ही जूनमध्ये सही केली, नवऱ्याच्या आणि माझ्या नावाने. साडेचार लाख दिरहम, म्हणजे तेव्हाचे बावन्न लाख रुपये. शेजारच्या खोलीत सांगितलं नाही. भाभीने एकदा विचारलं तेव्हा म्हटलं, कुणीतरी घेतलंय म्हणतात, बघू.

त्या वर्षी काउंटरवर बसून मी माणसांबद्दल जे शिकले ते कॉलेजात शिकले नव्हते. जूनमध्ये लोक टेबलावर हात आपटत विचारायचे, शेजाऱ्याला घर दिलं, आम्हाला का नाही? ऑक्टोबरमध्ये भाव कोसळले, पगार कापले गेले, आणि जूनमधला तो शेजारी येऊन ओरडू लागला, मला का दिलं? मी दोघांनाही तोच पिवळा फॉर्म द्यायचे.

आमच्याही घराचा भाव पडला होता. नवरा रोज रात्री जेवताना तेच बोलायचा. मी त्याला म्हटलं, विकायचं नाहीये ना, मग भाव कशाला बघतोस? राहायचंय तर नीट राहू. आमची मुलगी बारा वर्षांची झाली होती आणि हॉलमध्ये सोफा-बेडवर झोपत होती. मला मोठी खोली हवी होती. स्वयंपाकघरात माझे डबे माझ्या जागी हवे होते. भाभीशी एका दिवसाचंही भांडण नव्हतं. तिच्या हातचं तिसऱ्यांचं कालवण मी दर शुक्रवारी दोनदा वाढून घेत होते, काल सकाळचंही.

हात पुसून मी डायनिंग टेबलावर बसले. फॉर्म घरी असायचेच.

“काय लिहू?”

“लिहा, आम्ही इथे अकरा वर्षं राहतो. मुलगी दहावीला आहे, मार्चमध्ये बोर्ड. आता शाळा बदलता येत नाही, आणि फुजैराहून रोज येणं-जाणं होणार नाही. मार्चपर्यंत राहू द्या, नंतर एक दिवस मागणार नाही.”

“बस, एवढंच?”

“एवढंच. नवा मालक पण बालबच्चेवाला असेल ना? कोण आहे, काही कळलं?”

“कागद बघावे लागतील.”

“जो असेल तो. तुम्ही दोन शब्द टाका आपले. तुमची इंग्लिश वाचली की नरम पडेल.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “आणि तुम्ही टेन्शन घेऊ नका हां. तुम्हाला पण काढतील आता. मी शारजात बघून ठेवलाय, दोन खोल्या, किचन मोठं. या वेळी मोठी खोली तुम्ही घ्या. तुमची पोर मोठी झाली.”

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. अकरा वर्षं, बोर्डाची परीक्षा, शाळेचा नियम, सगळं नीट परिच्छेद पाडून. एकही शब्द कमी केला नाही. वाचून दाखवलं, मराठीत समजावलं. तिने वळणदार सही केली आणि म्हणाली, “इन्शाल्ला, होईल.” मग ती नमाजाला गेली.

माझी मुलगी सोफ्यावरून सगळं ऐकत होती. तिला घर आपलं आहे हे माहीत होतं.

“मम्मा, शी इज सो नाइस.”

“आहेच.”

“सो... इज द रूम माइन बाय डिसेंबर? कॅन आय पेंट इट पर्पल?”

“आधी जाळ्या पुसून दे,” मी म्हटलं.

रविवारी सकाळी साडेसातला मी काउंटर उघडलं. पहिला अर्ज भाभीचाच घेतला. असा अर्ज आपण हाताळू नये, दुसऱ्या टेबलाला द्यावा असा नियम होता का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. फॉर्मच्या खाली एक रकाना असतो, ‘मालकाचं म्हणणं’. एरवी त्यासाठी मालकाला फोन लावावा लागतो, दोन-तीन दिवस जातात. मी लिहिलं, मुदतवाढ मान्य नाही. पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि सही. त्याखालच्या कंपनीच्या शेऱ्यात लिहिलं, तक्रारदार करारातील भाडेकरू नाही, अर्ज निकाली. पुन्हा माझीच सही, शिक्का.

प्रत हातात देता आली असती. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच ओट्यावर पोळ्या लाटणार होतो. पण उत्तर पोस्टाने जावं अशी पद्धत आहे. फॉर्मवर भाभीने भाईंच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स दिला होता, म्हणून मी पाकिटावर फुजैरा लिहिलं आणि जाणाऱ्या टपालाच्या ट्रेमध्ये ठेवलं.

मग रंगाऱ्याला फोन करून विचारलं, चौदा बाय बाराच्या खोलीला जांभळा रंग किती लागेल, आणि पुढच्या माणसाचं टोकन पुकारलं.