शाळेचं मीठ

माझी बायको शिकली आणि मी शिकलो नाही, एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो. आमच्या वेळी अर्धा गाव अंगठेबहाद्दर होता. त्यात लाज कसली? पण ती ज्या शाळेत शिकली, ती शाळा माझ्या डोळ्यांदेखत आमच्या मिठाच्या आगराच्या बांधाला लागून उघडली आणि मी तिच्या कुंपणाबाहेर राहिलो. ते मला आजवर पचलेलं नाही. यंदा होळीच्या आधी बायको गेली. आता कोणी म्हणेल, म्हातारा मेलेल्या बायकोवर जळतो. जळतो. काय करायचं ते करा.

आमचं गाव नेरूळच्या अंगाला, खाडीकाठी. आता तिथं सोसायट्या उभ्या आहेत आणि मीही त्यातल्याच एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पण मी सांगतोय ते पन्नास सालानंतरचं. तेव्हा नवी मुंबई कोणाच्या डोक्यातही नव्हती. खाडी, भाताची खाचरं आणि मिठागरं, संपलं गाव. माझा बापूस आगरावर मीठ पिकवायचा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत उन्हात तापवायचं, चांगलं दाट झालं की शेवटच्या वाफ्यात सोडायचं. तिथं मीठ बसतं. ते फळीनं ओढून बांधावर ढीग लावायचा. दिवाळीनंतर सुरू केलं तर माघात कुठं पहिलं मीठ दिसायचं.

आधी गावात देवळाच्या ओसरीवर शाळा भरायची. मास्तर पाढे म्हणून घ्यायचे आणि चुकलं की निरगुडीच्या छडीनं पोटऱ्या फोडायचे. मी दुसरीत असताना बापसानं मला काढून आगरावर घेतलं. मला आनंदच झाला. छडीपेक्षा फळी बरी.

आणि दोन पावसाळे गेल्यावर ही नवी शाळा आली. सरकारची मूलोद्योग शाळा म्हणायचे तिला. घाटावरचे एक गुरुजी आले, उंच, काटकुळे, पायात चपला नाहीत. त्यांनी छडी आणलीच नाही. पोरांना म्हणाले, आधी हातानं करू, मग पाटीवर लिहू. पोरं टकळीवर सूत काढायची आणि त्या सुताच्या लांबीवरून गणित करायची. खाडीत काठी रोवून भरती कुठवर चढली ते बघायची, मग त्यावरून आज तिथी कोणती ते ओळखायची. चिखलाचं अख्खं गाव केलं होतं त्यांनी अंगणात, देऊळ, विहीर, आमचं घरसुद्धा. आमच्या घराला त्यांनी दार चुकीच्या बाजूला लावलं होतं. मी बाहेरून ओरडलो, "दार तिकडं नाय!" कोणी ऐकलं नाही. सगळे गाणं म्हणत होते.

मी फळी खांद्यावर घेऊन रोज त्या कुंपणाशी उभा राहायचो. आत माझ्याच वयाची पोरं गुडघाभर मातीत, हसतायत. मीही गुडघाभर मातीत. पण ती मातीत गेली तर शिक्षण, आणि मी गेलो तर मजुरी. हे कोणी ठरवलं?

एका संध्याकाळी मी बापसाला गाठलं.

"बा, मना शाळेत घाल."

"त्या शाळेत काय शिकवतात?"

"माती कालवतात. भाजी लावतात. बांध घालतात. सूत काढतात."

"म्हंजी काम."

"हाव."

"मग तुला काम येतंय ना? येतंय तेच शिकाया कशाला जायाचं? ज्यांना येत नाय त्यांना जाव दे."

आयस चुलीपाशी होती. म्हणाली, "घाला ना वो. रडतंय पोरगं."

"रडू दे. डोळ्यातलं पानी बी खारंच हाय. वाफ्यात सोड म्हनावं."

आयसही हसली. माझा विषय तिथंच संपला. बापूस दुष्ट नव्हता. त्याला खरोखरच वाटलं की शाळा मला काही नवीन देणार नाही. गावातल्या सगळ्या आगरवाल्यांनी तोच हिशेब केला. शाळेत गेली ती भातवाल्यांची, दुकानवाल्यांची, मचव्यावरच्यांची पोरं. काम शिकवणाऱ्या शाळेत कामाची पोरंच नव्हती.

त्यात एक मुलगी होती. तिचा बापूस मचव्यावर, शिडाच्या होडीतून मीठ घेऊन मुंबईला जायचा, जग बघून यायचा, म्हणून त्यानं पोरीला शाळेत घातलं. दोन वेण्या, तोंड सुटलेलं. ही पुढं माझी बायको झाली. तेव्हा मला ती डोळ्यासमोर नको व्हायची. कारण गुरुजी काहीही विचारोत, हिचा हात वर.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो. हंगामातलं पहिलं मीठ ज्याच्या वाफ्यात बसेल, त्याच्या घरातलं एक लग्न न झालेलं लेकरू ते मीठ नव्या टोपलीत घालून डोक्यावर घेतं आणि गावदेवीला जातं. पुढं वाजंत्री, मागं सगळा गाव. देवीपुढं मीठ ठेवलं की मग बाकीच्यांनी फळ्या घ्यायच्या. आमचा वाफा उन्हाच्या तोंडावर, त्यामुळं हा मान बहुतेक आमच्याकडं यायचा. माझ्या थोरल्या भावानं तो घेतला होता. त्याचं लग्न ठरलं, म्हणजे त्या साली माझी पाळी. आयसनं बुरुडाकडून टोपली आणून आढ्याला टांगून ठेवली होती. मी रोज झोपताना ती बघायचो. शाळा नाही तर नाही, टोपली तर आहे माझी.

पौषात गुरुजी आमच्या बांधावर आले. बापसाला म्हणाले, "पोरांना मीठ कसं होतं ते करून बघायचंय. अंगणात लहानसा वाफा केलाय. थोडं तापलेलं पाणी द्याल का?"

बापूस एकदम फुलला. आजवर शिकलेला माणूस त्याच्याकडं काही मागायला आलाच नव्हता. म्हणाला, "थोडं कशाला, पायजे तेवढं न्या. आमचं पोरगं आनून देल."

तर असा मी त्या शाळेत पहिल्यांदा शिरलो. कावडीला पाण्याचे डबे लावून. चांगलं दाट, पिकलेलं पाणी, आमच्या शेवटच्या वाफ्याच्या तोंडचं. त्यांनी वाफा केला होता तोही बघितला. काळ्या मातीचा, तुडवून तुडवून गुळगुळीत केलेला, अंगणातल्या तुळशीवृंदावनासारखा लाडाचा. आमच्या वाफ्याचे असे लाड कोण करणार?

"डबे तिथं ठेव," ती मुलगी म्हणाली.

"मना शिकवू नको," मी म्हणालो.

"मग सांडतोस कशाला?"

सगळी हसली. गुरुजी म्हणाले, "बस की रे पोरा, बघ थोडं." मी बसलो. गोलात जागा झाली. एकानं माझ्या हातात टकळी दिली. मी फिरवली, सूत तुटलं. माझी बोटं खारानं फुटलेली, कापूस त्यात अडकायचा. शेजारच्यानं जोडून दिलं. परत तुटलं. तेवढ्यात बांधावरून बापसाची हाक आली आणि मी कावड उचलली. त्या शाळेत मी बसलो तो एवढाच. पण पाणी मात्र मी रोज पोचवलं.

आणि माघ लागायच्या आतच शाळेच्या वाफ्यात मीठ बसलं.

बसणारच की! हातभर जागा, आयतं पिकलेलं पाणी, वर पोरं सुपानं वारा घालतायत. आमच्या मोठ्या वाफ्यात अजून नुसती साय धरत होती. गुरुजी मूठभर मीठ केळीच्या पानावर घेऊन गावात आले. पांढरं शुभ्र. बायका पोरांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. माझ्या आयसनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "अगो, किती छान केलंय पोरांनी!" मी दर साली उन्हाळाभर मीठ ओढायचो. माझं मीठ तिनं कधी चाखलं नव्हतं.

मग शाळेच्या कुंपणाशी माणसं जमली. पहिलं मीठ कोणाचं?

एक म्हातारा म्हणाला, "शाळेचा काय वाफा? तो खेळ हाय."

दुसरा म्हणाला, "चाखून बघ. खेळ खारा लागतो काय?"

माझा काका म्हणाला, "पानी आमचं हाय. म्हंजी मीठ आमचं."

तेव्हा पाटील बोलला. "मग आमच्या खाचराचं पानी खालच्या खाचरात उतरतं, तर तिथला भात आमचा काय रं? मीठ जिथं बसलं तिथलं."

सगळ्यांनी माझ्या बापसाकडं बघितलं. मीही बघितलं. त्यानं एक शब्द बोलायचा होता. तो म्हणाला, "पोरांनी केलंय. देवी काय नाय म्हननार नाय. होऊ दे." आणि वर हसला. आपलं पाणी शाळेच्या कामी आलं, याचंच त्याला कौतुक.

गुरुजींनी त्या मुलीला पुढं केलं. टोपली कोणाची? शाळेकडं नवी टोपली कुठली! आयसनं घरात जाऊन आढ्यावरची सोडून आणली. माझी. त्या मुलीच्या डोक्यावर ठेवली. मूठभर मीठ त्या मोठ्या टोपलीच्या तळाशी दिसतसुद्धा नव्हतं. वाजंत्री वाजली. गाव मागं निघाला. मी शाळेच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. ती वळणावर मागं बघून गेली. मला वाटलं, चिडवतेय.

पुढल्या साली मान आमच्याकडं आला, पण तोवर थोरल्याचं लग्न झालं होतं आणि त्याची मेहुणी आमच्या घरी राहायला आली होती. मुलगी घरात असताना मुलानं कशाला, असं आयस म्हणाली. नंतरच्या सालीही तीच गेली, आणि मग माझंच लग्न ठरलं. टोपली काही माझ्या डोक्यावर चढली नाही.

लग्न हिच्याशीच. बापसानं ठरवलं. मी नाही म्हणालो नाही, कारण तेव्हा नाही म्हणायची पद्धत नव्हती. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटलंही नाही. दोन वेण्यांचा अंबाडा झाला होता. तोंड तेवढंच सुटलेलं.

आणि मग सुरू झालं, "आमच्या शाळेत". आमच्या शाळेत आम्ही असं करायचो. आमच्या शाळेत वांगी ओळीत लावायचो. भात रांधताना, भिंत सारवताना, बाळंतपणातसुद्धा. आमची मुलं झाली तशी त्यांना घेऊन ही अंगणात बसायची. करवंटीत मूग भिजवून मोड बघायचे, दोरीनं अंगण मोजायचं, सावली कुठं सरकली तिथं खडा ठेवायचा. मुलं गोल करून बसलेली, मधे ही. मी आगरावरून यायचो आणि दारात उभा राहायचो. माझ्याच घरात कुंपण. ती म्हणायची, "अवो, या की. बसा."

"मना काम हाय."

"हे बी कामच हाय."

"ते येतंय मना," मी म्हणायचो आणि विहिरीवर जायचो. माझ्या बापसाचंच वाक्य. ते माझ्या तोंडात कधी बसलं ते कळलंच नाही.

सत्तर सालाच्या सुमारास एकदा पहिलं मीठ आमच्या वाफ्यात बसलं आणि टोपली आमच्या थोरल्या मुलीकडं आली. हिनं तिचे केस विंचरले, टोपलीच्या कडेला लाल दोरा बांधायला घेतला. आणि बोललीच. "बाय, आमच्या शाळेचं मीठ एकदा पयलं आलेलं."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "शाळेचं नाय. पानी आमचं होतं. डबे मी आनले. टोपली पन माझीच होती."

ती दोरा बांधता बांधता थांबली. "म्हाईत हाय. म्हनून तर मी मागं वळून बघत होते. तुमी रडत होतात."

"नव्हतो."

"बरं, नव्हतात. देवीला काय मागितलं ठाव हाय? गुरुजी म्हनालेले, देवीपुढं स्वतःसाठी मागू नका. मग म्हनलं, त्या डबेवाल्या पोराला शाळेत येऊ दे."

"देवीनं कुठं ऐकलं?"

"मीठ मूठभर, ऐकलं पन मूठभर. तुमी नाय आलात, शाळा आली तुमच्या घरी. आता ही कड धरा, वाकडी होतेय."

मी कड धरली. दुसऱ्या कोणाचा ऊर भरून आला असता. मला काय वाटलं सांगू? की माझ्यासाठी मागायचा मानसुद्धा हिलाच मिळाला.

मिठागरं गेली. शाळा होती तिथं आता गाड्या उभ्या करतात. मुलं मोठी झाली, चांगल्या नोकऱ्यांना लागली आणि विचारलं तर म्हणतात, आईनं शिकवलं. बरोबर आहे.

शेवटी ती इस्पितळात होती तेव्हा माणसं ओळखत नव्हती. मुलांना नाही, मलाही नाही. चादरीवर हात ठेवून पडलेली असायची आणि उजव्या हाताची चिमूट सारखी फिरत असायची. मी ओळखलं. टकळी. म्हटलं, "काय करतेस गो?"

"सूत तुटलं," ती म्हणाली.

"मग जोड."

तिनं दोन बोटं ओली केली, हवेतच काहीतरी वळलं आणि पुन्हा फिरवू लागली. चेहरा इतका खूश की मला बघवेना. साठ वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि शेवटी गेली कुठं, तर त्या अंगणात. मी खुर्चीवर, पलंगाच्या दांडीला धरून. त्या गोलात माझ्यासाठी जागा आहे का, हे विचारायचं होतं. पण ती गुंग होती. मधे बोलायचं कसं?

सगळे म्हणतात, आजी सौभाग्यवती गेली, नशीबवान. मला तेही खुपतं. देवीकडं तेव्हाही तीच पुढं गेली आणि आताही तीच. मी मागं आहे. कुंपणाशी उभं राहायची मला सवय आहे. पण ती वळणावर मागं बघून गेली होती, एवढं मला पक्कं आठवतं.