शुक्रवारची घंटा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. लेकीचा अमेरिकेच्या यादवी युद्धावरचा निबंध मी लिहून दिला होता.

दिलसुखनगरजवळच्या तिच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवणारे सर आपल्याच मराठी मंडळींतले. पहिल्या दिवशी ते वर्गाचे नियम पालकांकडून मोठ्यानं वाचून घेत, मगच सही. प्रत्येक नियमाला चष्म्यावरून बघत विचारत, "हौ की नाही?" स्वतःला उशीर झाला, तर आपल्याच वर्गाबाहेर उभे राहत. पोरं "या सर" म्हणाली की आत येत. तेव्हा मला हसू यायचं. आता आठवलं की गलबलून येतं.

त्यांचा पाचवा नियम असा: काम स्वतःचं नसेल तर शून्य, पण शुक्रवारच्या शेवटच्या घंटेआधी कबूल केलं तर पुन्हा लिहायची मुभा.

त्या शुक्रवारी दुपारी सरांनी मला बोलावून घेतलं. लेक मान खाली घालून उभी होती.

"भाऊ, हे हिनं लिहिलं का हो?"

"कुठून तरी उतरवलं असेल. मला काय माहीत?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "हौ सर, मीच उतरवलं."

सरांनी तिला कोरा कागद दिला. मग तसाच एक माझ्यापुढे सरकवला. "तुमच्याजवळ पण राहू द्या, भाऊ. घंटा व्हायची आहे अजून."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो.

सर निवृत्त झाले, लेक नोकरीला लागली. कागद अजून कोराच आहे. सरांना खरं सांगायचं आणि लेकीची माफी मागायची, ही दोन्ही कामं माझ्याकडून राहिलेली आहेत.