चक्कीवाल्याचे दोन भाव

नातवंडांनो, आमच्या अयोध्या नगरात चकलीची भाजणी दळून देणारा एकच चक्कीवाला आहे. आधी तो चक्की उघडून गव्हाचं पीठ कुंचल्याने झाडतो आणि त्या कष्टांचे माझ्याकडून दुप्पट पैसे घेतो.

एकदा चौकीदाराच्या बायकोने बाळासाठी डबाभर नाचणी आणली. तेवढीच झाडलोट करून त्याने तिला साधाच भाव लावला. मी अर्थशास्त्र शिकलेली, भांडलेच. "दुसरी चक्की नाही, मी जाणार कुठे, म्हणून लुटता होय?"

"अम्माजी, जाएगी तो वो भी कहाँ?" चिमटीत नाचणीचं पीठ चोळत तो म्हणाला. "आप तो दे सकती हैं."

तेव्हापासून मी घासाघीस करत नाही. तुम्हाला पाठवलेल्या चकल्या महागाच्या आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे.