ग्रुपवर टाकलेला दाखला

चूक माझी होती. ठेकेदाराची नाही, त्या माणसाची तर मुळीच नाही.

भुसावळला एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी कागदपत्रं बघतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरचं काम निघालं की महिनाभर वेल्डर लागतात, आणि प्रत्येकाचा वेल्डिंगची परीक्षा पास झाल्याचा दाखला तपासावा लागतो. त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एक वेल्डर आला. दाखला गुजरातमधल्या संस्थेचा. तसला शिक्का मी कधी पाहिला नव्हता. माणसाची संमतीची सही घेऊन संस्थेला मेल करायचा, चार-पाच दिवसांत उत्तर येतं, हे मला ठाऊक होतं. पण दाराशी रांग होती. मी दाखल्याचा फोटो काढला आणि सगळ्या ठेकेदारांच्या सुपरवायझरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हा खरा आहे का?"

कोणालाच माहीत नव्हतं. फोटोत मात्र त्याची जन्मतारीख होती, फोन नंबर होता, तिसऱ्या खेपेला पास झाल्याची नोंदही होती. "तिसऱ्यांदा? शिक्का तरी एकदाच मारला ना?" एकाने लिहिलं. बाकीचे हसले. मीही हसरा चेहरा टाकला.

दोन दिवसांनी तो परत आला.

"तीन जागावर गऊ, भाऊ. बठ्ठा लोक म्हंतस, तुना कागद डुप्लिकेट शे." मग खाली बघत म्हणाला, "कागद मी तुमले दिन्हा व्हता. सारा गावले नही."

तेव्हा कुठे मी त्याची सही घेतली आणि मेल केला. पाचव्या दिवशी उत्तर आलं: दाखला खरा. तोवर सगळीकडच्या जागा भरल्या होत्या. त्याचं वर्षातलं मोठं काम गेलं.

पुढच्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो. ओसरीवर बसून माफी मागितली आणि विचारलं, "ग्रुपवरही लिहू का? तुम्ही म्हणाल तसंच लिहीन."

त्याने दारातून आत बघितलं. आत चहा उकळत होता.

"लिखा. नाव बी लिखा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तीन खेपा बसनू, ते नका लिखू. घरमा माहीत नही शे."

ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच होतो; तिथेच बसून मी जुना फोटो ग्रुपवरून डिलीट केला आणि त्याचं नाव घालून लिहिलं: "यांचा दाखला खरा आहे. संस्थेने तसं लेखी कळवलंय. मी यांना न विचारता तो इथे टाकला, आणि तुमच्याबरोबर हसलो. मी यांची माफी मागतो."