जाळीपलीकडचा दादा

तुरुंगातून फोन आला तेव्हा मी कोरेगावच्या घरी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. पलीकडचा माणूस सावकाश आणि आदबीने बोलत होता. दादा सकाळी इस्पितळात वारला होता, हृदय थांबून. दयेचा अर्ज अजून राष्ट्रपतींकडेच पडून होता. अकरा वर्षं मी एका वेगळ्याच बातमीची धास्ती घेऊन जगले होते, त्यामुळे हे साधं मरण कळायलाच मला वेळ लागला. ‘आजारपणानं ना?’ मी दोनदा विचारलं. मग ताट तसंच ठेवून आत गेले.

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कुंडलच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत त्याने मला पोहायला शिकवलं. मी काठावर थरथरत उभी असायची आणि तो खाली पाय मारत हात वर करून म्हणायचा, “सुमे, मार उडी. मी हाय न्हवं.” पुढे तो फौजेत गेला. मला शिक्षिका व्हायचं होतं आणि वडिलांनी माझं लग्न ठरवायला घेतलं, तेव्हा तो नेमका रजेवर आला होता. जेवता जेवता एवढंच म्हणाला, “आबा, ती शिकंल. म्या सांगतोय.” दुसऱ्या दिवशी एसटीने मला सांगलीला घेऊन गेला आणि कॉलेजात नाव घालूनच परत आणलं. तीस वर्षं मी वर्गात उभी राहिले, ती त्या एका वाक्यावर.

आणि याच माणसाने एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव घेतला. हे लिहायचं टाळलं तर बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार उरत नाही.

फौजेतून आल्यावर त्याने काही वर्षं पहारेकऱ्याची नोकरी केली. तेव्हाची परवान्याची दुनळी बंदूक घरात होती. वहिनी गेली, मूलबाळ नव्हतं, आणि दादाचा सगळा जीव शेजाऱ्याशी चाललेल्या बांधाच्या भांडणात अडकला. मोजणीच्या दिवशी तो बंदूक घेऊन बांधावर उभा राहिला. बंदोबस्ताला आलेला तरुण फौजदार हात मोकळे दाखवत पुढे आला. “काका, बंदूक खाली ठेवा,” म्हणाला. दादाने बार काढला. तो पोरगा खाली पडला. दादाने दुसरा बार काढला... पडलेल्या माणसावर. त्या दुसऱ्या बारावर कोर्टात फार बोललं गेलं. फाशीची शिक्षा झाली.

तुरुंगात मुलाखतीला मी जायची. जाळीपलीकडे तो दर वेळी थोडा लहान झालेला दिसायचा. ऊस कितपत आलाय, विहिरीला पाणी किती आहे, हेच विचारायचा. मी मात्र मनात एकच प्रश्न घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. गेल्या वर्षी शेवटी विचारलं, “दादा, दुसरा का?”

तो जाळीच्या तारेवरून बोट फिरवत राहिला. “पैला रागानं सुटला,” तो म्हणाला. “दुसऱ्याला राग नव्हता बग. त्यो माज्याकडं बगत व्हता, सुमे. मला ती नजर सोसंना.”

“मग हे कोर्टात का नाही सांगितलंस?”

“सांगून त्यो उटणार हाय का?” मग म्हणाला, “त्येची आई मेढ्याला असती. येकदा जाऊन ये. माजी माफी मागू नगं. निसती जाऊन ये.”

मी हो म्हणाले आणि गेले नाही. धीर झाला नाही. प्रत्येक मुलाखतीला तो माझ्या तोंडाकडे बघायचा, विचारायचा मात्र नाही.

दादाला कुंडलला आणून अग्नी दिला. चार माणसं आली होती. महिन्याने मी मेढ्याला गेले. म्हातारी दारातच उभी होती. मी कोण ते सांगितलं, तो गेल्याचंही सांगितलं. तिने चौकट धरली.

“त्येला फाशी झाली की मग म्या मरायचं, असं धरून बसले व्हते,” ती म्हणाली. “आता त्योच गेला.” मग तिने विचारलं, “माजा पोरगा त्येला काका म्हनला व्हता. खरं का?”

“व्हय,” मी म्हणाले.

“त्यो समद्यांस्नीच काका म्हनायचा.”

मी परत फिरले तेव्हा मागून तिचा आवाज आला, “उनातनं आलाईसा. बसा घोटभर पानी पिऊन.” मी बसले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. घरी येताना वाटलं, जाळीपलीकडच्या माणसाला हे सांगायला हवं... आणि मग आठवलं.

लोक विचारतात, अशा माणसासाठी रडतेस कशी? फौजदाराच्या आईसाठी रडते तेव्हाही दादाचीच आठवण येते, एवढं खरं.

तुरुंगाने त्याचं सामान दिलं, त्यात दोन सदरे होते आणि एक चष्मा, काडी दोऱ्याने बांधलेला. परवा माझा चष्मा फुटला म्हणून सहज तो लावून पाहिला. अक्षरं स्वच्छ दिसली. आम्हा दोघांचा नंबर एकच निघाला. नवा करायचा राहूनच गेलाय. दोऱ्याची गाठ कानामागे किंचित टोचते. हे सगळं मी तोच लावून लिहिलं आहे.