धुराकडे बघणारे शेजारी

आमचे शेजारी पन्नाशीत विमान चालवायला शिकताहेत. दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकायचे आणि सकाळी चंद्रपूरबाहेरच्या धावपट्टीवर जायचं. विमानाचं जाऊ द्या, आता त्यांची स्कूटरही तपासणीशिवाय हलत नाही. तिच्याभोवती एक फेरी मारून ते टायर दाबतात, मग ब्रेक दाबून स्वतःलाच मोठ्यानं सांगतात, "ब्रेक ठीक!" शेवटी वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर बघून वाऱ्याची दिशा ठरवतात. त्या धुराला अख्खं गाव शिव्या देतं. त्याचा उपयोग करून घेणारे हे एकटेच.

"भाऊ, भाजीच आणाले चालले ना?" मी विचारतो.

"सवय लागली पाहिजे नं गा!"

पहिल्यांदा एकट्यानं उडायच्या दिवशी भाभी, त्यांची माहेरची माणसं आणि मी, सगळे पेढ्यांसकट धावपट्टीवर हजर. शिकवणाऱ्या सरांनीही हो म्हटलं होतं. भाऊ विमानाला फेरी मारून आत बसले आणि दूरच्या धुराकडे बराच वेळ बघत राहिले. मग खाली उतरून सरळ आमच्याकडे आले.

"वारा आडवा होऊन राह्यला. आज नाई."

"अरे, पण इतके लोक आले ना!" मेव्हणा चिडला.

"मंग लोकाइले पेढे द्या."

पेढा खाता खाता मी ठरवून टाकलं, यांना लायसन्स मिळालं की शेजारच्या सीटवर पहिला मी बसणार.

स्कूटरवर मात्र नाही. मला ऑफिसात वेळेवर पोचायचं असतं.