फाटकाच्या आत काय जातं

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्याच्या बाजारात, मांजर कुणी पाळत नाही. मांजर असतंच. धान्य आहे तिथं उंदीर, उंदीर आहे तिथं मांजर, एवढा साधा हिशेब. त्यामुळं मी मांजरांसाठी आसरा काढणार असं कळल्यावर आडतीवरचे हमाल पोटभर हसले. "ताई, उद्या उंदरांसाठी बी काढा," एकजण म्हणाला. राग माझ्या नाकावरच असतो. मी त्याला चांगलं सुनावलं. पण गायींसाठी पांजरपोळ असते हे सगळ्यांना ठाऊक, मांजरांसाठी असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं.

माझं शिलाईचं दुकान मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आहे. मला मांजरांचा लळा आहे अशी बातमी एकदा पसरली आणि लोक आणून टाकायला लागले. ट्रकखाली येऊन लंगडं झालेलं, पोत्यात बांधून रेल्वे रुळांपाशी सोडून दिलेलं, बोळात कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेलं. आणणारा पुण्य पदरात पाडून निघून जायचा, मांजर माझ्या पदरात राहायचं. ब्लाऊजच्या कापडांवर केस, मशीनखाली पिल्लं. गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली.

तेव्हा मदतीला आल्या त्या काकीजी. माझ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या मुलाची आडत आहे. राजस्थानातून पिढ्यांमागं आलेलं जैन घर; मराठी आमच्यासारखीच बोलतात, मधे मधे हिंदी. काकीजी पाणी उकळून पिणार, जेवण दिवस मावळायच्या आत उरकणार, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर रांग संपेपर्यंत उभ्या राहणार. त्यांच्या बारदानाच्या ढिगामागं एक पांढरं पिल्लू सापडलं होतं, आई ट्रकखाली गेलेलं. ते ओंजळीत घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, मागचं गोदाम रिकामं आहे, तिथं कर तुझं मांजरांचं घर.

"पण एक बात हाय बेटी. ह्या फाटकातून मांस, मच्छी, अंडं आत जाणार न्हाई. बिलकुल न्हाई. माझ्या जागेत एका जिवासाठी दुसरा जीव गेलेला मला चालणार न्हाई."

मी लगेच हो म्हणाले. आम्ही शेतकरी माणसं, रविवारी आमच्या घरात मटण शिजतं. पण मांजराला आम्हीही जन्मभर दूध-पोळीच घालत आलो. मांजर म्हणजे दूध, हे आपल्याकडं पाळण्यातल्या लेकराला माहीत असतं. दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गोदाम धुऊन काढलं, चुना मारला, खिडक्यांना आणि फाटकाला बारीक जाळी बसवली. काम करता करता शिकत गेलो. नवं आलेलं मांजर आधी वेगळ्या खोलीत, नाहीतर एकाचा आजार सगळ्यांना. मोंढ्यातल्या धडधाकट मांजरांना धरून नसबंदी करायची आणि जिथून धरलं तिथंच नेऊन सोडायचं. आणि पिल्लू दिसलं की उचलायचं नाही. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपणच म्हणतो, आणि ती फिरवायला लागली की आपणच पिल्लं उचलून आणतो. "आई येतीय का बघा आधी," असं म्हणून मी कितीतरी दयाळू लोकांना परत पाठवलं. त्यांनी मला शिव्या दिल्या, मीही काही कमी दिल्या नाहीत.

रोज सकाळी मंदिरातून आल्यावर काकीजी स्वतः पोळ्या कुस्करून दुधात कालवायच्या. ते पांढरं पिल्लू त्यांच्याच हाताखाली मोठं झालं. त्यांच्या बांगड्या वाजल्या की कुठंही असो, धावत यायचं. त्यांच्या पदरावर बसायचं आणि काकीजी ते उठेपर्यंत उठायच्या नाहीत. नवरा गेल्यापासून घरात त्या फारशा बोलत नसत, असं त्यांची सून म्हणायची. गोदामात त्यांचं बोलणं थांबत नसे.

आणि तरीही आमची मांजरं सुकत चालली होती. पिल्लांचे ढाळ थांबेनात. मोठ्यांचे केस झडायला लागले. बाहेर पोत्यांवर लोळणारी उनाड मांजरं मात्र ठणठणीत, अंगावर तकाकी. मी दूधवाल्याशी भांडले. तू पाणी घालतोस, म्हणाले. त्याने दूध बदललं, काही फरक पडला नाही.

मग एका दुपारी पांढरी मांजर नेहमीच्या कट्ट्यावर उडी मारायला गेली आणि चुकली. उठली, चालायला लागली आणि खांबाला धडकली. भर उन्हातही तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या काळ्या आणि मोठ्या दिसत होत्या. काकीजींनी मीठ-मोहरी ओवाळून नजर काढली. मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर बैल आणि म्हशीवाले. पण त्यांनी बॅटरी मारून तिचे डोळे पुन्हा पुन्हा पाहिले. मग मला विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं.

"आन् उंदीर?"

"उंदीर कुठून येणार? जाळीच तशी बारीक लावलीय," मी जरा ऐटीतच म्हणाले.

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. "ताई, मांजराला मांसातूनच मिळणारी एक गोष्ट लागते. ती न्हाई मिळाली तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. बाहेरची मांजरं दूध-पोळीवर जगून राह्यली असं आपल्याला वाटतं. ती उंदरावर जगून राह्यली, दूध नुसतं वरचं. तुम्ही उंदीर बंद केला आन् दूध तेवढं ठेवलं."

"हिचे डोळे?"

"ते गेले. बाकीच्यांना आजपासून मांस सुरू केलं तर बऱ्याच जणांचे वाचतील."

परत येताना रिक्षात मी पिशवीवर हात ठेवून रडले. इतक्या मायेनं आम्ही त्या जनावरांना उपाशी ठेवलं होतं. रोज, वेळेवर, ताटली भरून.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? मीच बांधली. काकीजींनी ऐकून घेतलं आणि त्या पांढऱ्या मांजरीच्या डोळ्यांपुढून हात फिरवत राहिल्या. मांजर त्यांच्या बांगड्यांकडं कान टवकारत होती, हाताकडं बघत नव्हती. काकीजींचा मुलगा म्हणाला, "माँ, बंद करा हे सगळं. मांजर आपल्या जागेत शोभत न्हाई." मग आईचा चेहरा पाहून त्यानेच दुसरी वाट सुचवली. दुकानात पाकिटातल्या कोरड्या गोळ्या मिळतात, त्यात मांस दिसत तरी नाही. काकीजींनी पाकीट मागवून त्यावरचं मुलाकडूनच वाचून घेतलं. कोंबडी, मासळी.

"पाकिटात घातलं म्हणजे काय भाजी झाली का ती?" एवढंच म्हणाल्या. शाकाहारी गोळ्याही मागवून पाहिल्या. मांजरांनी हुंगल्या आणि तोंड फिरवलं.

इकडं दुसऱ्या एका बोक्याचे डोळे तसेच काळे दिसायला लागले होते. त्या दिवशी काकीजी पोळी कुस्करायला बसल्या आणि माझा तोल गेला. "काकीजी, तुमचं व्रत राहील आन् ही एकेक करून आंधळी होतील. मंग ह्याला जीवदया म्हणायचं का?"

त्यांच्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं. हातातली पोळी तशीच ताटलीत ठेवून त्या उठल्या आणि घरी गेल्या. संपलं, मला वाटलं. उद्या मुलगा येऊन कुलूप लावेल आणि ही सगळी पुन्हा रस्त्यावर.

मुलगा आला नाही. दोन दिवसांनी काकीजीच आल्या, उपवासानं उतरलेल्या चेहऱ्यानं. फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आजपासून ही जागा तुझी. पोराला सांगितलंय, तो बराबर करून देईल सगळं. आत काय न्यायचं ते तू बघ. मी आता आत पाय ठेवणार न्हाई."

"काकीजी, आन् ही?" मी पांढरीकडं बोट केलं.

त्यांनी तिकडं पाहिलं नाही. "जागा सोडली म्हणून पाप सुटत न्हाई, मला कळतं बेटी. मी दिली म्हणूनच ते होणार. पण हे असं बघत बसणं माझ्याच्यानं होणार न्हाई. माझ्याच्यानं एवढंच होतंय."

त्याच दिवशी मी कोंबडीचं उकडलेलं मांस आत नेलं. मांजरं गुरगुरत खात होती. इतक्या दिवसांत तो आवाज मी तिथं ऐकला नव्हता. पुढं त्यांची अंगं भरली, ढाळ थांबले, बोक्याचं दिसणं जेवढं उरलं होतं तेवढं टिकलं. मोंढ्यातले लोक माझं कौतुक करायला लागले, आणि मला ते सहन होत नव्हतं, कारण काकीजी आता रोज संध्याकाळी आडतीच्या ओट्यावर, फाटकापासून लांब बसलेल्या असायच्या.

"जेवली का सगळी?" त्या विचारायच्या.

"जेवली काकीजी."

काय जेवली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा न राहवून मी पांढरीला उचलून ओट्यावर नेलं. काकीजींचा चेहरा उजळला. त्यांनी हात पुढं केला, मांजरीनं तोंड घासायला मान वर केली, आणि तिच्या तोंडाला येणारा दुपारच्या मासळीचा वास काकीजींपर्यंत पोचला. हात तसाच मागं गेला. मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की रागावण्यासारखं त्यांनी काहीच केलं नव्हतं. आपल्या सगळ्यात लाडक्या मांजरीला त्यांनी तिच्याच पोटासाठी सोडलं होतं, आणि मी तिला त्यांच्या नाकापुढं नेऊन धरलं होतं.

मग पर्युषण आलं. त्यांच्या उपवासाचे दिवस संपले की जैन माणसं घरोघर जाऊन हात जोडतात आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. वर्षभरात माझ्याकडून जे वाईट घडलं ते मिटो, मला माफ करा. दरवर्षी त्या दिवशी काकीजी माझ्या दुकानाच्या पायरीशी यायच्या. या वर्षी मी बाजारातून येत होते तर त्या दुकानावरून पुढं गेलेल्या दिसल्या. गोदामाच्या फाटकाशी उभ्या होत्या.

बांगड्या वाजल्या असणार, कारण पांढरी भिंतीला अंग लावत जाळीपर्यंत आली होती. काकीजी खाली बसल्या.

"तुझे डोळे माझ्यामुळं गेले बाई," त्या म्हणाल्या. "मिच्छामि दुक्कडम्." आणि जाळीच्या उचकटलेल्या कोपऱ्यातून त्यांनी बोटं आत घातली. मांजर ती चाटायला लागली. या वेळी काकीजींनी हात मागं घेतला नाही.

माझ्या हातात कोंबडीच्या मांसाची पिशवी होती. मी ती घाईनं पाठीमागं धरली.

"लपवू नको," काकीजी उठत म्हणाल्या. त्या माझ्यासमोर आल्या, हात जोडले, मान खाली घातली. "मिच्छामि दुक्कडम्."

मला एकदम भरून आलं. "काकीजी, माझी कशाला माफी मागता? उलट मीच..."

"तुझी न्हाई बेटी." त्यांची नजर माझ्या हाताकडं होती. "पिशवीतल्यांची."

काकीजींनी डोळे पुसले आणि मला वाट देण्यासाठी फाटकापासून बाजूला सरकल्या.

"जा जल्दी," त्या म्हणाल्या. "भुकेली असतील."